मेलेले मावळे कुठे काढायचे?

चित्रकलेच्या_बाई

शाळेत सध्या आंतरशालेय चित्रस्पर्धेची तयारी चालू आहे. विषय पावनखिंड. नववीतला एक मुलगा आहे, हात चांगला आहे त्याचा, फक्त रंग फार लवकर लावतो. अर्धा इंपिरियल कागद. मधोमध बाजीप्रभू, दोन्ही हातांत तलवारी, छाती ही एवढी. मागे विशाळगड आणि त्यावर तोफेचा धूर. दोन्ही बाजूंनी गनीम. चार मावळे, चौघेही उभे, चौघांच्याही पागोट्याची घडी मोडलेली नाही.

मी म्हटलं, अरे, एवढी लढाई झाली आणि एकही माणूस पडलेला नाही? तर तो कागदाकडे नीट बघून म्हणाला, "बाई, मेलेले मावळे कुठे काढायचे? जागाच उरली नाही."

मी हसले, पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण त्या पोराची अडचण फार जुनी आहे. युद्धाचं चित्र काढणाऱ्या प्रत्येकाला ती आलेली आहे. वीर मधे उभा केला, घोडा उधळला, झेंडा फडकवला की कागद संपतो.

डेव्हिड या फ्रेंच चित्रकाराचा आल्प्स ओलांडणारा नेपोलियन बघा (1801). पांढरा उधळलेला घोडा, उडणारा झगा, वर दाखवणारा हात. सैनिक आहेत, पण घोड्याच्या पायांखालून दिसतील एवढे मुंगीएवढे. प्रत्यक्षात साहेब खेचरावर बसून गेले होते, आणि पन्नासेक वर्षांनी देलारोशनं ते खेचरावरचं, थंडीनं गारठलेलं चित्र काढलंही. पण शाळेच्या पुस्तकांत येतो तो घोडाच.

आता त्याच नेपोलियनचं दुसरं चित्र. ग्रो नावाचा चित्रकार, डेव्हिडचाच शिष्य. 1807च्या फेब्रुवारीत आयलाऊला लढाई झाली, बर्फात, आणि दोन्हीकडची माणसं इतकी मेली की जिंकलं कोण हेच कळेना. पॅरिसमध्ये बातम्या पोचल्या, लोक कुजबुजायला लागले. म्हणून सरकारनं चित्रांची स्पर्धाच लावली. विषय ठरवून दिलेला: सम्राट रणांगणावर जखमींची विचारपूस करताहेत. म्हणजे सरळसरळ जाहिरात. ग्रोनं स्पर्धा जिंकली, 1808मध्ये चित्र लागलं. आठेक मीटर रुंद, आज लुव्रमध्ये आहे. मधे नेपोलियन घोड्यावर, हात आशीर्वाद दिल्यासारखा वर. सगळं सांगितल्याप्रमाणे. पण खालच्या कडेला, बघणाऱ्याच्या अगदी पायाशी, गोठलेल्या प्रेतांचा ढीग. खऱ्या माणसांपेक्षा मोठ्या आकाराची प्रेतं. एकाच्या चेहऱ्यावर बर्फ साचलंय आणि संगिनीला रक्ताचे थेंब गोठून चिकटलेत. मोठ्या छपाईत बघितलं तेव्हा माझी नजर नेपोलियनपर्यंत पोचायला बराच वेळ लागला.

म्हणजे ग्रोला जागा सापडली. पैसे सम्राटाचे, तरीही सापडली.

तर माझा प्रश्न असा की तुम्ही पाहिलेल्या युद्धचित्रांत मेलेले, जखमी, मागे राहिलेले कुठे असतात? आणि माझा एक कच्चा अंदाज आहे, तो खोडून काढलात तरी चालेल: शौर्याला तैलरंग मिळतात आणि दुःखाच्या वाट्याला काळी शाई येते. कारण शौर्याची चित्रं कोणीतरी पैसे देऊन काढून घेतं, दुःखाची चित्रकार स्वतःच्या खिशातून काढतो.

शिसपेन्सिल

मस्त धागा. पहिला नंबर स्पॅनिश चित्रकार गोयाचा लावते, नाहीतर दुसरं कोणीतरी लावेल.

3 मे 1808. आदल्या दिवशी माद्रिदचे लोक फ्रेंच सैन्यावर उठले आणि मग पहाटेपर्यंत पकडून आणलेल्यांना गोळ्या घातल्या. चित्र 1814चं. बाई, तुम्ही विचारलंत मेलेले कुठे असतात. इथे ते डाव्या कोपऱ्यात खाली, पुढे आहेत. एक जण पालथा पडलाय, दोन्ही हात पसरलेले. आणि त्याच्याच मागे जो पांढऱ्या शर्टाचा माणूस आहे, त्यानंही हात तसेच पसरलेत, फक्त तो अजून जिवंत आहे. म्हणजे पुढच्या क्षणी काय होणार ते खाली आधीच काढून ठेवलंय.

तो गुडघ्यावर आहे बरं का. उभा राहिला तर समोरच्या शिपायांपेक्षा केवढातरी उंच होईल. आणि त्याचा उजवा तळवा जवळून पाहा, मधोमध खूण आहे, ख्रिस्ताच्या हाताला खिळ्याची असते तशी. शिपाई सगळे पाठमोरे, एकाचाही चेहरा नाही. जमिनीवर कंदील ठेवलाय, चौकोनी, आणि त्याचा सगळा उजेड त्या एका शर्टावर.

तुमच्या अंदाजाला मात्र हे चित्र जुमानत नाही. तैलरंग आहे, साडेतीन मीटर रुंद आहे, आणि खिशातून काढलेलं नाही. गोयानं स्वतः सरकारकडे अर्ज केला होता की आपल्या उठावातले पराक्रमाचे प्रसंग मला रंगवू द्या, आणि त्याला पैसे मिळाले. मागितला पराक्रम आणि त्यानं दिलं काय, तर भीतीनं डोळे फाटलेला एक मजूर.

तांब्याचा_पत्रा

शिसपेन्सिल, तोच गोया बाईंच्या बाजूनंही साक्ष देतो. रंगीत चित्र सरकारी, पण त्याच सुमारास घरात बसून तो दुसरं काम करत होता: 'युद्धाचे अनर्थ', 82 एचिंग. साधारण 1810 ते 1820. ही मालिका तो जिवंत असताना छापलीच गेली नाही. 1828ला तो गेला, त्यातली 80 चित्रं बाहेर आली 1863मध्ये.

मी एचिंग करतो म्हणून थोडं कामाचं सांगतो. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर चढवायचा, त्यावर सुईनं ओरखडे काढायचे आणि पत्रा अॅसिडमध्ये सोडायचा. जिथे थर निघालाय तिथे अॅसिड तांबं खातं. मग शाई भरायची, जाळीदार कापडानं पुसायची, ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचं. रेघा उमटतात. पण नुसत्या रेघांनी आकाश काळं होत नाही. त्यासाठी राळेची बारीक पूड पत्र्यावर भुरभुरवून खालून शेकतात, दाणे चिकटतात आणि अॅसिड दाण्यांच्या मधनं खातं. छापल्यावर दाणेदार करडा रंग येतो. गोयाचं आभाळ असं आहे. त्या आभाळात ढग नाही, पक्षी नाही, काही नाही. अंगावर येतं ते.

आणि एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. युद्धात त्याला चांगला तांब्याचा पत्राच मिळेना. त्याच्याकडे पूर्वी केलेल्या दोन मोठ्या निसर्गचित्रांच्या प्लेटा होत्या. त्या त्यानं मधोमध कापल्या आणि मागच्या बाजूवर ही चित्रं काढली. पुढून डोंगर-झाडं, पाठीवर फाशी दिलेली माणसं. चांगली प्लेट कापायला किती जिवावर येतं ते ज्यानं एकदा घासून गुळगुळीत केलीय त्यालाच कळेल.

खवचट

म्हणजे शेवटी भंगारच कामाला आलं. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बरेच पत्रे पडलेत, कुणाला अनर्थ काढायचे असतील तर घेऊन जा.

बाकी चित्रं छान वाटतात असं म्हणवत नाही, पण माहिती छान.

तांब्याचा_पत्रा

खवचट, ते गॅल्व्हनाइज्डचे असणार, घरात अॅसिड लावू नका त्याला.

राहिलं होतं ते सांगतो. बाईंच्या प्रश्नाचं सर्वांत नेमकं उत्तर मला त्या मालिकेतल्या सातव्या चित्रात दिसतं. खाली गोयानं लिहिलंय 'काय हे धैर्य!' झारागोझाच्या वेढ्यात आगुस्तिना नावाच्या बाईनं तोफेवरचे सगळे मेल्यावर स्वतः बत्ती दिली, तो प्रसंग. स्पेनमध्ये घराघरात माहीत असलेली वीरांगना. गोया तिला पाठमोरी काढतो. चेहरा दिसतच नाही. तोफ उंच आहे आणि तिचा हात पोचावा म्हणून ती उभी आहे ती मेलेल्या माणसांच्या ढिगावर.

वीरही तिथेच आणि मेलेलेही तिथेच, जागा एकच.

सव्विसाव्या चित्राखाली लिहिलंय 'बघवत नाही'. बायका, मुलं, गुडघ्यावर बसलेला माणूस, आणि उजव्या कडेतून फक्त संगिनींची टोकं आत आलीत. धरणारे हात चौकटीच्या बाहेर. चव्वेचाळीसला 'मी हे पाहिलं'. आणि त्याच्या पुढच्याला 'आणि हेही'.

जुना_फौजी

बराच वेळ नुसता वाचत होतो. मला कलेतलं कळत नाही. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, आता गावी शेती बघतो.

एक तक्रार आहे. इथे शौर्य म्हणजे दरबारी खोटेपणा आणि दुःख म्हणजे खरं, असा सूर लागतोय. तसं नसतं हो. घाबरलेला माणूसच पुढे जातो. मागच्या पलटणीच्या मेसमध्ये एक मोठं लढाईचं चित्र होतं, कुठली पलटण ते सोडा. त्यात सगळ्यांचे बूट चकचकीत, गणवेशाला इस्त्रीची घडी. मी नवा असताना एका साहेबांना विचारलं, सर, यात स्ट्रेचर कुठे आहे? साहेब म्हणाले, चित्राच्या बाहेर, येतंय. सगळे हसले. मीही हसलो. पण माझं अख्खं काम त्या चित्राच्या बाहेरचं होतं ना.

माझा मुलगा लंडनला असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा इंपिरियल वॉर म्युझियममध्ये एक चित्र बघितलं, त्याच्यापुढनं मला हलवेना. नाव 'गॅस्ड'. सहा मीटरवर लांब आहे. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड गॅसनं डोळे गेलेले शिपाई, डोळ्यांवर पट्ट्या, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, अशी रांग चाललीय दवाखान्याच्या तंबूकडे. दोन्ही बाजूला तसेच पट्ट्या बांधलेले कितीतरी आडवे पडलेत. रांगेतल्या एकानं पाय गुडघ्यापर्यंत उचललाय, फार उंच. कारण कुणीतरी सांगितलंय, 'पुढे पायरी आहे'. आणि पायरी केवढी ते दिसत नाही म्हणून माणूस असाच पाय उचलतो. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे, डोळ्यांवर पट्टी बांधली की शंभरातले शंभर असंच चालतात. ज्यानं काढलं त्यानं उभं राहून बघितलं असणार.

लांब मागे पोरं फुटबॉल खेळताहेत. कुणी म्हणेल निर्दयपणा. मला तसं नाही वाटलं. फौजेत असंच असतं, एक टोळी दवाखान्यात आणि दुसरी मैदानावर.

यात वीर कोण, सांगा बरं. रांगेबरोबर जो दवाखान्याचा माणूस चाललाय तो. माझ्यासाठी तो.

चित्रकलेच्या_बाई

काका, "स्ट्रेचर चित्राच्या बाहेर, येतंय" हे मी उद्या वर्गात सांगणार आहे, तुमचं नाव न घेता.

'गॅस्ड' हे सार्जंट नावाच्या चित्रकाराचं, 1919मध्ये पूर्ण झालेलं. तो खरोखर ऑगस्ट 1918मध्ये फ्रान्सला आघाडीजवळ गेला होता आणि त्यानं ही रांग पाहिली होती. तोपर्यंतचं त्याचं आयुष्य श्रीमंत बायकांची रेशमी झग्यातली व्यक्तिचित्रं काढण्यात गेलेलं. सरकारी समितीनं काम दिलेलं, म्हणजे माझ्या अंदाजाला अजून एक भोक. मोजत्येय मी.

शिसपेन्सिल

बाई, भोकं पडू द्या, पण सरकार काय लटकवू देतं याचीही गंमत आहे. त्याच युद्धात नेव्हिन्सन नावाचा चित्रकार सरकारनं नेमलेला. त्यानं 1917मध्ये दोन ब्रिटिश शिपायांची प्रेतं काढली, चिखलात पालथी, शेजारी काटेरी तार. बस्स, एवढंच. सेन्सॉरनं सांगितलं, लावायचं नाही, आपले मेलेले दाखवायचे नाहीत. यानं 1918च्या प्रदर्शनात चित्र भिंतीवर लावलं, त्यावर तपकिरी कागदाची पट्टी आडवी चिकटवली आणि पट्टीवर लिहिलं 'सेन्सॉर केलेले'. मग त्याला दोन गोष्टींबद्दल झापलं: चित्र लावल्याबद्दल, आणि परवानगीशिवाय 'सेन्सॉर' हा शब्द वापरल्याबद्दल.

चित्राचं नाव 'वैभवाच्या वाटा'. आता काकांनी सांगितलेल्या त्याच म्युझियमकडे आहे.

खवचट

शब्द सेन्सॉर करण्याबद्दल शब्दच सेन्सॉर. हे मात्र आवडलं. फ्रेम करून लावणार.

मैसूरपाक

सगळं युरोपात चाललंय म्हणून जरा खाली दक्षिणेत येते. म्हैसूरला जाणारे आपले लोक श्रीरंगपट्टणला दर्या दौलत बाग बघतात, पण बागेत फोटो काढतात आणि परत फिरतात. पश्चिमेकडच्या भिंतीवर पोल्लिलूरची लढाई आहे. 1780मध्ये हैदर आणि टिपूनं कर्नल बेलीच्या इंग्रज फौजेचा फडशा पाडला, त्याचं चित्र टिपूनं 1784च्या सुमारास आपल्या महालावर काढून घेतलं. (1780 साली हैदर, निजाम आणि आपले नाना फडणवीस इंग्रजांविरुद्ध एका बाजूला होते, हे जाता जाता.)

हे मेलेल्यांचं चित्र आहे की वीरांचं, सांगता येत नाही. टिपू हत्यारबंद गर्दीत शांतपणे गुलाब हुंगतोय, बागेत फिरायला आल्यासारखा. आणि चारी बाजूंनी मुंडकी तुटताहेत, घोडे एकमेकांत घुसलेत. इंग्रजांचा चौकोन मधे, त्यात दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट, बेली पालखीत. म्हणजे इथे जागेची अडचणच नाही. मेलेले खचाखच भरलेत, फक्त ते सगळे समोरच्यांचे आहेत.

पुढची गंमत अशी की 1799मध्ये टिपू पडला आणि ज्या महालाच्या भिंतीवर इंग्रजांचा पराभव रंगवलाय त्याच महालात इंग्रज सेनाधिकारी आर्थर वेलस्ली राहायला आला. त्यानं ते चित्र पुसलं नाही, उलट दुरुस्त करून घेतलं. नंतर डलहौसीच्या काळात पुन्हा रंगवलं. आज आपण बघतो त्यात मूळ हात किती उरला असेल देव जाणे. पण हरलेल्यांनी जिंकल्यावर स्वतःच्या हरण्याचं चित्र जपलं, हे मला अजून पचत नाही.

चित्रकलेच्या_बाई

मैसूरपाक, मी दोनदा सहल घेऊन गेलेय तिथे आणि दोन्ही वेळा मुलं मोजण्यातच वेळ गेला. लाज वाटली वाचून.

"मेलेले सगळे समोरच्यांचे" हा मुद्दा धरून ठेवा कुणीतरी.

मधलीसुट्टी

मी धरते. जपानमधलं मारुकी जोडपं. इरी शाईचं काम करणारा, तोशी तैलरंगातली. हिरोशिमावर बॉम्ब पडल्यावर काही दिवसांतच ते तिथे पोचले, कारण इरीचं घर तिकडचं. 1950 पासून 1982 पर्यंत त्यांनी हिरोशिमाचे पंधरा मोठे पट केले. जपानी पडद्यासारखे, काळ्या शाईत, मधेच आगीचा लाल. पहिल्याचं नाव 'भुतं': हात पुढे धरून चाललेली माणसं, अंगावर कपडे की कातडी कळत नाही.

पण मला सांगायचंय ते पुढचं. वीसेक वर्षं स्वतःच्या लोकांची प्रेतं काढल्यावर त्यांनी हिरोशिमात मेलेले अमेरिकन युद्धकैदी काढले. मग तिथे मेलेल्या कोरियन लोकांवर काढलं, ज्यांची प्रेतं शेवटपर्यंत कुणी उचलली नाहीत. आणि 1975मध्ये नानकिंग, म्हणजे जपानी सैन्यानं चीनमध्ये जे केलं ते. स्वतःच्या देशात बसून.

जुना_फौजी

हे मला माहीत नव्हतं. मोठं काळीज लागतं.

घेंटकर

बेल्जियममधून लिहितोय. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर व्लाड्स्लोला गेलो होतो. लहान गाव, पुढे झाडी, आणि झाडीत जर्मन सैनिकांची दफनभूमी. 25 हजारांवर माणसं पुरलीत तिथे. इंग्रजांच्या दफनभूमीत कसे पांढरे दगड ओळीनं उभे असतात, इथे ते नाही. काळपट दगड जमिनीला चिकटून, एकेका दगडावर वीस वीस नावं. ओक वृक्षांची सावली एवढी की भर दुपारी गार वाटतं.

एका टोकाला दोन पुतळे गुडघ्यावर. बाप ताठ, दोन्ही हात स्वतःभोवती आवळलेले. आई पुढे झुकलेली. केटे कोल्विट्झ या जर्मन चित्रकार-शिल्पकार बाईनं केलेत. तिचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर 1914मध्ये इकडेच पडला, अठरा वर्षांचा. त्याचं नाव पुतळ्यांसमोरच्याच एका दगडावर आहे. पुतळे व्हायला 1932 उजाडलं. इतकी वर्षं ती करत होती, मोडत होती, पुन्हा करत होती.

पोरगा अल्पवयीन होता, भरती व्हायला बापाची परवानगी लागत होती. बाप नाही म्हणत होता. आईनंच बापाची समजूत घातली. हे वाचल्यावर त्या झुकलेल्या आईकडे मला नीट बघता आलं नाही.

बाईंच्या काळ्या शाईसाठी: तिनं 1921-22मध्ये 'युद्ध' नावाची सात लाकडी ठशांची मालिका केली. त्यात रणांगण नाही, तोफ नाही. आई-बाप, विधवा, एकमेकींना घट्ट धरून पोरांना मधे लपवणाऱ्या बाया. युद्ध आहे ते सगळं चौकटीच्या बाहेर आणि आत फक्त घरं.

माळरान

घेंटकर, त्याच बाईंचं शेवटच्या काळातलं एक दगडछाप आहे, 1941-42चं. एक आई, हात तंबूसारखे पसरलेले, आणि खाली तीन पोरं. पोरं काही रडत बसलेली नाहीत हां, त्यातलं एक तर बाहेर काय चाललंय ते बघायला धडपडतंय, त्याला लढाईलाच जायचंय. आईचा हात त्याच्या डोक्यावर दाबलेला.

नाव गोएटेच्या एका ओळीवरून: 'बियाणं दळायचं नसतं.'

आमच्या घरी दुष्काळात आजीनं बियाण्याची ज्वारी कणगीत वेगळी ठेवली होती, राखेत घोळून. घरात पीठ संपलं होतं तरी त्या कणगीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. जर्मनीतल्या बाईनं ते लिहिलेलं मला भाषांतराशिवाय कळलं.

त्याच वर्षी, 1942ला, तिचा नातू पडला रशियाच्या आघाडीवर. त्याचंही नाव पीटर.

अंधेरी_स्लो

आमच्या अंधेरीतल्या माणसाचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लॉगिन केलं. चित्रकार चित्तप्रसाद. बंगालचा, पण 1946च्या सुमारास मुंबईत आला आणि जवळजवळ शेवटपर्यंत अंधेरीत राहिला.

1943चा बंगालचा दुष्काळ युद्धाच्या यादीत आपण धरत नाही, पण तो युद्धाचाच. जपानी ब्रह्मदेशात आले, तिकडचा तांदूळ बंद. ते बंगालात उतरले तर हाती लागू नयेत म्हणून इंग्रजांनी किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या, म्हणजे कोळ्याचं आणि नावाड्याचं पोटच गेलं. त्याआधी 1942ला मिदनापूरला वादळ झालेलं. भाव चढले. सुमारे तीस लाख माणसं गेली असं धरतात. एकही गोळी न झाडता.

चित्तप्रसाद मिदनापूरमध्ये पायी फिरला. शाईत रेखाटनं, आणि शक्य तिथे खाली माणसाचं नाव, गाव. हे महत्त्वाचं आहे. भुकेलेला माणूस म्हणून नाही, अमुक गावचा अमुक म्हणून. त्याचं 'हंग्री बेंगॉल' नावाचं पुस्तक निघालं, आणि सरकारनं त्याच्या पाच हजार प्रती जप्त करून नष्ट केल्या. त्याच दुष्काळात झैनुल आबेदिन कलकत्त्याच्या फुटपाथवर साध्या वेष्टणाच्या कागदावर ब्रशनं काळ्या शाईत माणसं आणि कावळे काढत होता. रंग परवडतच नव्हते.

तेव्हा बाई, तुमचा अंदाज बंगालात तरी शंभर टक्के बरोबर.

तांब्याचा_पत्रा

आणि त्यांच्यामागून सोमनाथ होर. दुष्काळ, तेभागा म्हणजे बंगालातल्या बटाईदारांचा लढा, सगळं पाहिलेला. त्यानं 1970च्या दशकात 'जखमा' म्हणून छाप केले, पांढऱ्यावर पांढरं. कागदाच्या ओल्या लगद्यावरच ठसा. शाई नाहीच, कुठे कुठे जेमतेम लालसर. कागदच जखमी. बाई, काळी शाईसुद्धा गेली इथे.

खवचट

आणि पिकासोचं ग्वेर्निका? की ते फारच प्रसिद्ध म्हणून ओवाळून टाकलं?

मी बघितलंय, माद्रिदला. पावणेआठ मीटर. समोर गर्दी. सगळ्यात डावीकडे मेलेलं पोर मांडीवर घेऊन आभाळाकडे तोंड करून ओरडणारी बाई. तिथून पुढे मी गेलोच नाही. खाली मोडलेली तलवार धरलेला शिपाई आहे, त्याच्या मुठीजवळ एक फूल, ते मला बायकोनं दाखवलं. विमान एकही नाही. बॉम्ब नाही. वर एक साधा बल्ब आहे. 26 एप्रिल 1937ला सोमवार होता, बाजाराचा दिवस, जर्मन आणि इटालियन विमानांनी स्पेनमधलं ग्वेर्निका गाव भाजलं. पॅरिसच्या प्रदर्शनात स्पेनच्या दालनासाठी सरकारनंच चित्र सांगितलं होतं, तेव्हा बाईंच्या सिद्धांताला हे सगळ्यात मोठं भोक. पण रंग? काळा, पांढरा, करडा. वर्तमानपत्रासारखा. एवढा पैसा, एवढी भिंत, आणि माणसानं रंगाची पेटी उघडली नाही.

आता मी परत खवचट.

बोरिवली_पश्चिम

बाई, तुमच्या विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही. मेलेले कुठे काढायचे? आपल्याकडे ते आठशे-हजार वर्षांपूर्वीच ठरलंय. वीरगळ.

गावाबाहेर देवळाजवळ शेंदूर फासलेले उभे दगड असतात ना, ते. खालून वर वाचायचे. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर मेलेला, आडवा, बऱ्याचदा शेजारी गाई, कारण गाई सोडवताना पडला. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात. वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य. एकाच माणसाचं मरण आणि शौर्य, एकाच दगडात, आणि मरण पायाशी. म्हणजे गुडघे टेकून बसलात तर आधी मेलेलाच दिसतो.

आमच्या एकसर गावात सहा आहेत, त्यातल्या काहींवर तर समुद्रातली लढाई: वल्ह्यांची जहाजं, ओळीनं बसलेले वल्हेकरी. यादव आणि शिलाहारांची तेराव्या शतकातली लढाई असं मानतात. आजूबाजूला इमारती, पार्किंग. लोक फुलं वाहतात.

चित्रकलेच्या_बाई

बोरिवली, तुमची पोस्ट मधल्या सुट्टीत वाचली आणि तासाला फळ्यावर वीरगळाच्या चौकटी काढून दाखवल्या. आमच्या गावातही एक आहे, पारावर. पोरं त्याच्यावर दप्तरं ठेवतात.

तर आमच्या नववीतल्या साहेबांनी काय केलं ऐका. काल चित्र घेऊन आला. बाजीप्रभू आहेत तिथेच आहेत, छाती तेवढीच. पण कागदाच्या खाली त्यानं वीतभर रुंदीची दुसरी पट्टी गमनं जोडलीय आणि त्यात मावळे आडवे काढलेत. नुसत्या पेन्सिलीत. रंग का नाही दिला विचारलं तर म्हणाला, "बाई, राहू दे." एकाचं पागोटं सुटून खिंडीतल्या पाण्यात गेलंय. सात जण आहेत. एक कडेला असा काढलाय की त्याचे फक्त पाय दिसतात, बाकीचा कागदाबाहेर. काका, मी त्याला तुमचं स्ट्रेचरचं अजून सांगितलेलं नव्हतं.

आता अडचण अशी की स्पर्धेचा कागद ठरलेल्या मापाचा लागतो. जोडलेला चालतो का? नियमावलीत स्पष्ट काही नाही. मागे दुसऱ्या एका स्पर्धेत आमचं एक चित्र मापासाठी बाद केलं होतं. पुन्हा काढ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिसपेन्सिल

अजिबात पुन्हा काढायला लावू नका. तशीच पाठवा. बाद झालं तर झालं, मग इथे फोटो टाका.

जुना_फौजी

सात आहेत म्हणता. नावं विचारा त्याला. त्यानं ठेवली असतील.

तांब्याचा_पत्रा

बाई, गमनं जोडू नका, पावसाळी हवेत जोड सुटतो आणि कागद चुरमुडतो. मागच्या बाजूनं पातळ सुती कापडाची पट्टी लावा, खळीनं, मैद्याची पातळ खळ चालते. वरून वही ठेवून रात्रभर दाबा. पेन्सिलीच्या भागावर बटर पेपर ठेवायला विसरू नका, नाहीतर सगळं पुसटेल.